पत्त्यातला गुलाम आणि हेन्रीचं खोकं

सुट्टीत आमच्याकडे मुलं जमली की गुलामचोराचा डाव ठरलेला. पानांच्या जोड्या लावायच्या आणि शेवटी ज्याच्या हातात एकटा गुलाम उरेल, तो चोर. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलेली माझी भाची, तेव्हा सहा वर्षांची, या खेळात रमली होती. हातातलं पान न्याहाळत तिने विचारलं, "मावशी, राजा कळला, राणी कळली. गुलाम म्हणजे कोण?" मी चटकन म्हणाले, "राजाचा नोकर." डाव पुढे गेला.

ते उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं, कारण ते खोटं होतं. नोकराला पगार मिळतो. नोकरी पटली नाही तर सोडता येते. संध्याकाळी तो आपल्या घरी, आपल्या मुलांकडे जातो. गुलाम केलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शाळांमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. तेव्हा वर्गात तिने गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमनची गोष्ट ऐकली होती. तिथे इंग्रजीत ऐकलेला 'स्लेव्ह' हा शब्द आणि हातातलं पान यांचा काही संबंध आहे का, हे तिला जाणून घ्यायचं होतं, आणि मी तिला वाटेला लावलं होतं.

हा विषय आज ना उद्या आपल्या मुलांसमोर येतोच. परदेशी वाढणाऱ्या मुलांना तो शाळेत भेटतो, इथल्या मुलांना एखाद्या सिनेमात किंवा घरातल्या पुस्तकांच्या कपाटात. वीणा गवाणकरांचं १९८१ सालचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळकरी वयात वाचलं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मला, तान्हा असताना आईसकट पळवला गेला आणि घोड्याच्या बदल्यात एकटाच परत मिळाला. त्याची आई पुन्हा कधीच सापडली नाही. हे वाचून आपण हळहळलो होतो. आता आपल्या मुलांना ते कसं सांगायचं, हा प्रश्न आहे. माझा अनुभव असा, की चार ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकांसारखं दुसरं साधन नाही. मात्र ती विचारपूर्वक निवडायला हवीत आणि सोबत बसून वाचायला हवीत.

आधी एक वाक्य बदला

पुस्तक उघडण्याआधी आपल्या बोलण्यातली एक सवय मोडायची आहे. ज्याची गोष्ट पुढे येणार आहे त्या हेन्रीबद्दल 'हेन्री गुलाम होता' असं म्हटलं की मुलाला वाटतं, कोणी उंच असतं, कोणी बुटकं, तसा हा गुलाम. जणू तो त्याचा गुणधर्मच. त्याऐवजी 'हेन्रीला गुलाम केलं होतं' असं म्हणून पाहा. मूल लगेच विचारतं, "कोणी?" या एका शब्दाच्या प्रश्नात सगळा इतिहास आहे. कोणीतरी केलं, म्हणजे ते आपोआप झालं नाही. कोणीतरी केलं, म्हणजे ते न करताही येत होतं. आणि ज्याला केलं, तो आधी दुसरं कोणीतरी होता: कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा, कसल्या हुनराचा.

मुलाच्या या "कोणी?"ला उत्तर द्यायला घाबरू नका. "ज्यांना पैसे न देता कापूस, ऊस, तंबाखू पिकवून हवा होता, त्यांनी. आणि त्यांनी तसे कायदेही करून घेतले." पाच वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. आठ वर्षांच्या मुलाला पुढचंही सांगता येतं. व्हर्जिनियात १६६२ साली कायदाच झाला की आई गुलामीत असेल तर तिचं बाळही जन्मल्या क्षणापासून गुलामीत. बाप कोण, याला महत्त्व नाही.

एकच पुस्तक का पुरत नाही

फक्त पळून जाण्याच्या गोष्टी वाचल्या तर मुलाला वाटतं, शूर होते ते सुटले, बाकीचे भित्रे असतील. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत गुलामीत असलेल्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. पळून सुटलेले त्यातले फार थोडे. उलट फक्त छळाच्या गोष्टी वाचल्या तर मुलाच्या मनात कृष्णवर्णीय माणसाचं एकच चित्र उरतं, वाकलेल्या पाठीचं. म्हणून पाच-सहा वेगवेगळी पुस्तकं हवीत आणि ती सावकाश, दोन-तीन महिन्यांत वाचायला हवीत. अमेरिकेत ती सार्वजनिक वाचनालयांत मिळतात. इथे ती ऑनलाइन मागवता येतात किंवा तिकडून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात.

सुरुवात गुलामगिरीच्या आधीपासून करा. 'बॉर्न ऑन द वॉटर' (२०२१) हे निकोल हॅना-जोन्स आणि रेने वॉटसन यांचं पुस्तक त्यासाठी उत्तम आहे. त्यातल्या मुलीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात आणि तिला तीन पिढ्यांपलीकडे जाता येत नाही. मग आजी घरच्यांना गोळा करून आजच्या अंगोलातल्या एन्डोंगो राज्याची गोष्ट सांगते: तिथली भाषा, घरं, शेती, नाचगाणी. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांना हे सगळं मागे सोडावं लागलं होतं. जहाजाची पानं अंगावर येणारी आहेत, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आधीचा आनंदाचा भागच दाखवा आणि पुढचं थोडक्यात सांगा.

लहानग्यांसाठी 'फ्रीडम इन काँगो स्क्वेअर' (२०१६). कॅरोल बॉस्टन वेदरफोर्ड यांच्या ओळी आणि आर. ग्रेगरी क्रिस्टी यांची चित्रं. न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी दुपारी गुलामीतल्या लोकांना एका मैदानात जमता येत असे. तिथे ढोल वाजत, नाच होत, वस्तूंची खरेदी-विक्री होई. पुस्तक सोमवारपासून एकेक दिवस मोजत त्या रविवारी पोचतं. चार वर्षांच्या मुलालाही वार मोजता येतात. कष्ट किती आणि मोकळे तास किती, हा हिशेब त्याला न सांगता कळतो.

हुनराची ओळख करून देणारं पुस्तक म्हणजे 'डेव्ह द पॉटर' (२०१०). दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्डचा डेव्ह मोठमोठी भांडी घडवायचा. मुलांना सांगताना मी सरळ 'रांजण' म्हणते, कारण त्याच्या सगळ्यात मोठ्या भांड्यांत दीडशे लिटरच्या आसपास मावेल. गुलामीतल्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. तरी डेव्ह ओल्या मातीवर कवितेच्या ओळी कोरायचा, खाली तारीख आणि आपलं नाव घालायचा. चित्रकार ब्रायन कोलियर यांनी चाकावर मातीतून भांडं कसं उभं राहतं ते इतकं जवळून दाखवलंय की मुलं पानावरून हात फिरवतात.

हॅरिएट टबमनवरचं 'मोझेस' (२००६) मराठी घरात विशेष चांगलं वाचता येतं. मेरीलँडमधून १८४९ साली ती स्वतः निसटली आणि पुन्हा पुन्हा, सुमारे तेरा वेळा, मागे जाऊन जवळजवळ सत्तर जणांना घेऊन आली. पुस्तकभर ती देवाशी बोलते आणि देव तिच्याशी. जनाबाई आणि विठोबाच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना हा संवाद परका वाटत नाही.

आणि ज्यांना इंग्रजी वाचायला अजून जड जातं त्यांच्यासाठी हेन्री कोल यांचं 'अनस्पोकन' (२०१२). यात एकही शब्द नाही, फक्त पेन्सिलीची चित्रं. शेतावरच्या एका मुलीला कोठारात मक्याच्या ताटांआडून एक डोळा दिसतो. ती ओरडत नाही, कोणाला सांगत नाही. रुमालात भाकरतुकडा बांधून नेऊन ठेवते. हे पुस्तक मुलंच आपल्याला मराठीत वाचून दाखवतात.

हेन्रीचं खोकं

सगळ्यात जास्त वेळा मी वाचलेलं पुस्तक म्हणजे एलन लेव्हिन यांचं 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स' (२००७), कादिर नेल्सन यांच्या चित्रांसह. हेन्री ब्राउन व्हर्जिनियातल्या रिचमंडला तंबाखूच्या कारखान्यात राबायचा. त्याची बायको नॅन्सी आणि तीन मुलं एके दिवशी विकली गेली. त्यानंतर, १८४९ च्या मार्चमध्ये, त्याने मित्रांच्या मदतीने स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पाठवलं. प्रवास २७ तासांचा. त्यातला काही वेळ खोकं उलटं होतं, म्हणजे हेन्री डोक्यावर.

इथे माझी एक चूक सांगते. तुम्ही ती करू नका. खोक्याची मापं सर्वज्ञात आहेत: तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट आठ इंच खोल. मी फरशीवर खडूने चौकट आखली आणि सात वर्षांच्या एका मुलाला म्हटलं, "बस बरं यात." तो बसला, गुडघे पोटाशी घेतले, आणि खुदकन हसला. मग सगळ्यांनाच बसायचं होतं. पाच मिनिटांत लपाछपी सुरू झाली. दोष मुलांचा नव्हता. ज्या गोष्टीत माणसाने बायकामुलं गमावली, तिचा मी खेळ करून टाकला होता. आणि समोर बसलेल्यांत एखादं मूल कृष्णवर्णीय समाजाचं असतं, तर त्याला किती लागलं असतं! तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: बेड्या, लिलाव, पळापळ यांचं नाटक मुलांकडून कधीही करवून घ्यायचं नाही. चौकट आखायची असेल तर आखा, पट्टीने मोजा, गप्प बसून बघा, आणि पुसून टाका.

या पुस्तकाशेवटी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "मग त्याची बायको आणि मुलं भेटली का?" खरं उत्तर आहे, "नाही, तो त्यांना पुन्हा कधीच भेटला नाही." हे म्हणताना माझा घसा दाटतो, आणि तो दाटू द्यावा. मुलाला जवळ घ्या, पण खोटा शेवट जोडू नका. हेन्री सुटला हे खरं आणि त्याचं घर मोडलं ते मोडलंच हेही खरं, या दोन्ही गोष्टी लहान मूल एकदम मनात ठेवू शकतं. आपल्यालाच ते जमत नाही.

पुस्तक पारखताना

वाचनालयात पुस्तक हातात घेतलं की आधी चेहरे पाहा. २०१६ च्या जानेवारीत जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचं एक चित्रपुस्तक प्रकाशकाने काही दिवसांतच मागे घेतलं. वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस याला गुलामीत ठेवलेलं होतं आणि पुस्तकात मात्र तो आणि त्याची मुलगी हसतखेळत केक करताना दाखवले होते. खऱ्या हर्क्युलिसने १७९७ साली वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीच पळ काढला. त्यासाठी त्याला आपली मुलं मागे सोडावी लागली. गुलामीतली माणसंही हसत असणारच, आपापसात, आपल्या लेकरांशी. पण पुस्तकातलं हसू जर 'त्यांना काही फार त्रास नव्हता' असं सांगत असेल, तर ते पुस्तक ठेवून द्या.

दुसरं, गोष्ट कोणाची आहे ते पाहा. एखादा दयाळू गोरा माणूस येतो आणि सगळ्यांना सोडवतो, असं असेल तर मुख्य पात्र तोच होतो. हेन्रीला गोऱ्या माणसाची मदत झाली, पण बेत हेन्रीचा होता. टिम टिंगल यांच्या 'क्रॉसिंग बोक चिट्टो' (२००६) मध्ये मिसिसिपीतली चॉक्टॉ आदिवासी मुलगी आणि नदीपलीकडचं गुलामीतलं कुटुंब एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. अशी पुस्तकं मुद्दाम शोधा.

तिसरं, दंतकथा आणि इतिहास यांची गल्लत होऊ देऊ नका. गोधड्यांवरच्या नक्षीत पळून जायच्या वाटा लपवलेल्या असत, अशा गोष्टींची सुंदर पुस्तकं आहेत. इतिहासकारांना तसा पुरावा सापडलेला नाही. पुस्तक जरूर वाचा आणि सांगा, "ही कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे."

मराठीतून वाचताना

पुस्तक इंग्रजीत असलं तरी बोलणं आपल्या भाषेत होऊ द्या. परदेशातल्या मुलांसाठी तर हे फार गरजेचं आहे. अवघड गोष्ट घरच्या भाषेत बोलता येते, हे त्यांना कळायला हवं. आदल्या रात्री पुस्तक एकट्याने वाचा आणि अडणारे शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्या पानाला चिकटवा. मळा, लिलाव, गोधडी, कापसाची बोंडं हे शब्द आपल्याकडे आहेतच. 'मालक' हा शब्द मात्र जपून वापरा. आपण दुकानाच्या, घराच्या मालकाला मानाने मालक म्हणतो. इथे म्हणा, 'जो स्वतःला हेन्रीचा मालक म्हणवायचा'. जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' शब्द सर्रास आहे. मुलाने तो वाचला तर रागावू नका. "तेव्हा असं लिहायचे, आता त्या लोकांना तो शब्द अपमानाचा वाटतो, म्हणून आपण म्हणत नाही," एवढं पुरे.

वाचताना चित्रावर थांबा. "इथे काय दिसतंय?" "तिला काय वाटत असेल?" "हे कोणी ठरवलं?" एवढे तीन प्रश्न खूप झाले. मूल पान उलटायला लागलं तर उलटू द्या. त्याला आज एवढंच पेलतंय. झोपायच्या वेळी मात्र ही पुस्तकं नकोत. सकाळी किंवा दुपारी वाचा, म्हणजे नंतर बोलायला आणि खेळायला दिवस उरतो.

मुलं विचारतात ते प्रश्न

"सगळे पळून का नाही गेले?" उत्तर: पळालं की आई, बहीण, बाळ मागे राहायचं. रस्त्यावर पहारे असत. १८५० नंतर तर जिथे गुलामगिरी नव्हती अशा राज्यांतूनही पकडून परत पाठवण्याचा कडक कायदा होता. आणि लढणं म्हणजे फक्त पळणं नाही. डेव्हने मातीवर नाव कोरलं, तेही लढणंच.

"काही मालक चांगले होते का?" उत्तर: कोणी कमी मारलं असेल, कोणी गोड बोललं असेल. पण त्याने माणूस विकत घेतला होता आणि मनात आलं तर तो विकूही शकत होता. ते चांगलं कसं म्हणायचं?

"आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई गुलाम आहेत का?" हा प्रश्न आला की दचकू नका, तो फार मोलाचा आहे. सांगा, त्यांना पगार मिळतो, त्या काम सोडू शकतात, त्यांच्या मुलांवर आपला हक्क नाही. आणि मग मुलादेखत स्वतःलाही विचारा, आपण त्यांना सुट्टी देतो ना? कप वेगळा ठेवत नाही ना?

"आपल्या देशात असं होतं का?" हो, होतं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याची गोष्ट जरूर सांगा, पण 'बघा, आपल्याकडे गुलामालाही वर येता यायचं' अशी फुशारकी मारू नका. एक मलिक अंबर झाला, आणि ज्यांची नावंही उरली नाहीत ते कितीतरी होते. वेठबिगारी तर आपल्याकडे कायद्याने बंद व्हायला १९७६ उजाडलं, आणि आजही कुठे वीटभट्टीवरून माणसं सोडवल्याची बातमी येते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आणखी एक धागा दाखवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याच्या आठ वर्षं आधीच, १८६५ मध्ये, तिथे गुलामगिरी कायद्याने संपली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला ती लढाई आपली वाटली, कारण इथे जातीने माणसांचं काय केलं होतं ते त्याला दिसत होतं. मग घरातल्या बोलण्याकडेही लक्ष द्या. 'उन्हात खेळू नको, काळी होशील' हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं, त्या घरात ही पुस्तकं अर्धीच वाचली जातात.

वाचून झाल्यावर

हातांना काही काम द्या. डेव्ह वाचल्यावर शाडूचं छोटं भांडं करा आणि मुलाला त्यावर काडीने नाव आणि तारीख कोरू द्या. 'बॉर्न ऑन द वॉटर' वाचल्यावर आजी-आजोबांना विचारून घरातली नावं लिहा. आपल्याकडेही अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडे नाव सापडत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नोंद कोणाची ठेवली जाते आणि कोणाची नाही, हेच तर समजून घ्यायचं आहे.

मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की अ‍ॅशली ब्रायन यांचं 'फ्रीडम ओव्हर मी' (२०१६) वाचा. ब्रायन यांच्या हाती १८२८ सालची एका मळ्याच्या मालमत्तेची यादी आली. गाई, डुकरं, कापूस आणि त्यांच्याच रांगेत अकरा माणसं. प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे किंमत, वयाचाही उल्लेख नाही. ब्रायन यांनी त्या अकराही जणांना चेहरा दिला, काम दिलं आणि एकेक स्वप्न दिलं.

या सुट्टीत भाचीसोबत मी ते वाचायला बसले. ती आता नऊ वर्षांची आहे. पेगी स्वयंपाक करते, स्टीफन सुतारकाम करतो, जेन कपडे शिवते. मी नाव वाचत होते, मग आकडा, मग पुढचं पान. चौथ्या पानावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "मावशी, आकडे नको वाचूस. नुसती नावं वाच."

उरलेली सगळी नावं आम्ही दोघींनी मिळून मोठ्याने वाचली.